मागं माणूस बसला की टेप गप्प

"तुमचं टेप विसरभोळं हाय."

फोन उचलला तर हॅलो नाही की काही नाही, डायरेक्ट हे. मी मिलमध्ये पॅनलसमोर उभा, मागं रोलिंगचा दणदणाट, म्हणलं कोण बोलतंय, तर पलीकडून अगदी सावकाश, फळ्यावर लिहून देतात तसं एकेक शब्द तोडून, "सेलूहून बोलायलोय. गेल्या रविवारी टेप नेलं की तुमच्याकडून. अठराशेला." मग ट्यूब पेटली. गुरुजी.

ही गोष्ट २०१७ ची, दिवाळी होऊन आठ-पंधरा दिवस झाले असतील. मी जालन्याला एका सळईच्या मिलमध्ये इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे, आणि सुट्टीच्या दिवशी एक छोटा जोडधंदा करायचो, जुने कार स्टिरिओ, म्हणजे गाडीतले टेप, घ्यायचे, साफसूफ करायचे, चालू करून अॅपवर टाकायचे. तेव्हा सगळ्यांना टचस्क्रीनचं वेड लागलं होतं, चांगले चांगले सिंगल साइजचे सेट, ते अठरा सेंटिमीटर रुंद आणि पाच सेंटिमीटर उंच असतात ना, ते लोक पाचशे-सातशेला देऊन टाकायचे. घरात कॉटखाली डझनभर पडलेले असायचे. बायको म्हणायची याच्यापेक्षा कबुतरं पाळा, निदान उडून तरी जातील.

गुरुजींना दिलेला सेट त्यातला सगळ्यात भारी होता. मित्राचा भाऊ बोटीवर कामाला, त्यानं पनामाहून आणलेला, जपानी कंपनीचा, पुढचं पॅनल काढता येणारा, सीडी, यूएसबी, एफएम, एएम सगळं. पॅनलवर ५० वॅट गुणिले ४ असं छापलेलं, आता हे छापलेलं कुणी मनावर घेऊ नये, गाडीच्या बारा-चौदा व्होल्टवर चार ओहमच्या स्पीकरला एका चॅनलचे खरे वीस-एक वॅट निघाले तरी पुष्कळ झाले, पण तेवढ्यात अल्टोची डिक्की हादरते. गुरुजी स्वतः सेलूहून पॅसेंजरनं आले होते सेट बघायला. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन, जिल्हा परिषदेच्या शाळेतून गणित शिकवून रिटायर झालेले. मी टेबलावर सीसीटीव्हीच्या पाच अँपिअरच्या अडॅप्टरवर सेट लावून दाखवला, यूएसबीवर गाणं लावलं, अँटेनाच्या भोकात हातभर वायर खुपसून औरंगाबादचं १०१.७ लावून दाखवलं, खरखरत का होईना लागलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, "परभणी लागंल ना?" मी म्हणलं गुरुजी गाडीची अँटेना लावल्यावर सगळं लागतंय. चहा झाला, पैसे मोजून दिले, सेट पिशवीत घालून गेले.

आणि आता हा फोन.

म्हणलं विसरभोळं म्हणजे काय गुरुजी. तर म्हणे गाडी बंद करून चावी काढली की सगळं विसरतंय, घड्याळ परत एक वाजता, लावून ठेवलेलं स्टेशन गेलं, आवाज कमी करून ठेवला तर परत मोठा. "वर्गातलं शेवटच्या बाकावरचं पोरगं असतंय ना, घंटा झाली की झालं, तसं." मी लगेच ओळखलं, हे दुखणं काही नवीन नाही. सेटला करंटच्या दोन वायरी येतात, पिवळी आणि लाल. पिवळीला बॅटरीचा करंट कायम पाहिजे, चावी असो नसो, सेटची आठवण त्या पिवळीवर जगते. लाल फक्त चावी फिरवल्यावर जिवंत व्हायला पाहिजे, ती सेटला सांगते की आता उठ. दोन्ही चावीवर जोडल्या की चावी काढल्याबरोबर सेटची शुद्ध जाते. मी एकदम ठसक्यात सांगितलं, गुरुजी सेट ओके आहे, तुमच्या इलेक्ट्रिशियननं वायर चुकवली आहे, त्याला जाऊन सांगा पिवळी कायमवर घे. बरं म्हणले आणि फोन ठेवला.

दोन दिवसांनी परत फोन. "त्याला बोललो. तो म्हणतोय बरोबर हाय. आणि साहेब, अजून एक. मागं माणूस बसला की टेप गप्प बसतंय."

आता सांगा, असल्या तक्रारीला काय उत्तर द्यावं. मला वाटलं म्हातारा फिरकी घेतोय. मी हसलो. ते हसले नाहीत. "आमची मंडळी मागं बसली की बंद. उतरली की चालू. लाइट चालू राहतोय, अक्षरं दिसतेत, आवाज नाही." मी म्हणलं गुरुजी योगायोग असंल, कुठंतरी लूज कनेक्शन असंल. "योगायोग तीनदा होत नसतो," म्हणले, "आणि परभणी लागंना गेलंय." मी म्हणलं अँटेना पूर्ण वर ओढा. "ओढली." मग परत खाली करून परत ओढा. (हे मी का बोललो मला अजून माहीत नाही, तोंडाला येईल ते.) तर म्हणे, "अँटेनाचं कसं असंल? रात्री राजकोट लागतंय की. गुजराती बाई बोलती, अगदी शेजारच्या घरातून बोलल्यावाणी. आन् चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवरचं परभणी लागंना."

इथं मला थांबायला पाहिजे होतं. सगळं उत्तर त्या एका वाक्यात होतं. पण मी नाही थांबलो, मी म्हणलं रात्री लांबचे स्टेशन लागतातच गुरुजी, वातावरणात लहरी वर जाऊन परत खाली येतात वगैरे वगैरे, त्यांनाच शिकवायला लागलो. ते शांतपणे ऐकून घेऊन म्हणले, "ते मी नववीला शिकवायचो. तुम्ही रविवारी येता का, का मी टेप घेऊन येऊ?"

बायको बाजूलाच होती. म्हणली पैसे परत देऊन टाका, कशाला म्हाताऱ्या माणसाला छळताय. पण अठराशेतले बाराशे कधीच खर्च झाले होते आणि खरं सांगायचं तर मला खात्री होती की चूक त्या सेलूच्या इलेक्ट्रिशियनची आहे, जाऊन दाखवतोच म्हणलं. मीटर, टेस्टलॅम्प, पक्कड, पेचकस, चिकटपट्टी, थोडी वायर असं पिशवीत भरलं आणि रविवारी पॅसेंजरला बसलो. परतूर गेलं, सातोना गेलं, दोन्ही बाजूला कापूस फुटलेला पण झाडं कशी उदास, बोंडं अर्धी उमलून काळी पडलेली. त्या वर्षी गुलाबी बोंडअळीनं मराठवाड्याचं काय केलं ते इकडच्या माणसाला सांगायची गरज नाही. डब्यात सगळ्यांच्या तोंडी तेच, कोणी म्हणतंय बियाणं खोटं, कोणी म्हणतंय फवारून फवारून हात भाजले. मी पिशवी मांडीवर घेऊन ऐकत बसलो.

गुरुजींचं घर स्टेशनपासून चालत दहा मिनिटं. दारात अल्टो, २००८ ची, पांढरी, सीटवर टॉवेल अंथरलेले, डॅशबोर्डवर गणपती. बेस मॉडेल, कंपनीचं म्युझिक नव्हतंच, मागच्या फळीत दोन गोल स्पीकर नंतर बसवलेले. काकूंनी आधी पाणी मग चहा मग परत पाणी दिलं, आणि मी सेट बाहेर ओढला.

पहिल्यांदा नजर गेली फ्यूजवर. सेटच्या पाठीमागं लाल रंगाचा दहाचा फ्यूज होता, मी स्वतः बघून दिला होता, त्या जागी हिरवा, तीसचा. म्हणजे बसवताना कुठंतरी स्पार्क झाला, दहाचा उडाला, आणि दुकानात होता तो घातला. तीसच्या फ्यूजनं सेट वाचत नसतो, आधी वायर तापते, मग प्लास्टिकचा वास येतो, फ्यूज आपला मजेत. मनात म्हणलं सापडला चोर. मग मीटर लावला. पिवळीवर चावी बंद असताना शून्य. चावी फिरवली, १२.१. लालवर तेच, शून्य, मग १२.१. म्हणजे दोन्ही एकाच जागी, चावीवर. मी गुरुजींना दाखवलं, बघा, म्हणलं होतं ना. वायर धरून मागं मागं जात गेलो, कपलरपासून, म्हणजे सेटच्या मागच्या प्लगपासून, वीतभर अंतरावर पिवळी आणि लाल एकत्र पिळलेल्या, त्यावर चिकटपट्टी गुंडाळलेली, आणि तिथून एकच वायर पुढं गेलेली.

चिकटपट्टी हिरवी होती.

आता हे वाचणाऱ्याला काही वाटणार नाही. पण आमच्या मिलमध्ये अर्थिंगच्या वायरला खूण करायला हिरवी पट्टी येते, त्याचं एक रीळ माझ्या घरी टेबलावर कायम असतं, आणि सेलूच्या त्या पोरानं बाकी सगळीकडं काळी पट्टी मारली होती. स्पीकरच्या जोडाला काळी, अर्थच्या जोडाला काळी, फक्त या एका पिळाला हिरवी. तो पीळ माझा होता. टेबलावर अडॅप्टरला एकच प्लस असतो, म्हणून मी टेस्टिंगला नेहमीच पिवळी-लाल एकत्र पिळतो, आणि गुरुजींना देताना चहाच्या नादात तो पीळ सोडायचा राहून गेला. पोरानं बघितलं, दोन वायरी विकणाऱ्यानंच एकत्र करून दिल्यात, म्हणजे तसंच असंल, त्यानं एक वायर जोडली.

मी खाली मान घालून पट्टी सोडत बसलो. गुरुजी बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीवर. थोडा वेळ मी बोललोच नाही, मग म्हणलं गुरुजी हे मीच केलेलं आहे. त्यांनी चष्मा वर करून पिळाकडं बघितलं, "मग त्या पोराला मी उगी बोललो म्हणायचं." शंभर रुपये पण कमी दिले होते त्याला. माझ्या फोनवरच्या बोलण्यावरून.

पिवळीला कायमचा करंट द्यायचा तर वायर बॅटरीपासून वेगळी आणायला लागते आणि बॅटरीजवळ, अगदी वीतभरात, फ्यूज होल्डर टाकायला लागतो, कारण फ्यूजच्या अलीकडची वायर उघडी-नागडी असते, ती बॉडीला घासली तर तिला वाचवणारा कोणीच नाही. होल्डर माझ्याकडं नव्हता. मग त्या पोराच्याच दुकानात जायला लागलं, स्टँडच्या बाजूला पत्र्याचं शेड. गेलो, होल्डर घेतला, दहाचे दोन फ्यूज घेतले, आणि सांगितलं की बाबा तो पीळ माझा होता. तो हसला, म्हणला, "मला वाटलंच होतं, पण गुरुजी शाळेत आमचे सर होते, त्यांना कसं म्हणू." मी शंभरची नोट पुढं केली तर घेईना, मग होल्डरच्या पैशात मिसळून कशीतरी दिली. तीसच्या फ्यूजवरून मी त्याला काही बोललो नाही. बोलायला पाहिजे होतं खरं, पण त्या दिवशी माझ्या तोंडाला ते शोभलं नसतं.

परत आलो तर गुरुजी गणित घालून बसलेले. "कायम करंट म्हणजे बॅटरी उतरणार. माझी गाडी आठ-आठ दिवस उभी असती." रास्त शंका आहे, पुष्कळ जण याच भीतीनं पिवळी चावीवर घेतात. म्हणलं सेट झोपलेला असताना फार थोडं खातो, दहा मिलीअँपिअर धरा. लगेच खिशातलं पेन निघालं, वर्तमानपत्राच्या कडेला हिशेब. "चोवीस तासाला दोनशे चाळीस मिली. म्हणजे पाव अँपिअर-अवर. बॅटरी केवढी?" पस्तीसची. "निम्मी जायला सत्तर दिवस." पेन परत खिशात. "राहू द्या कायम." मीटरनं बघितलं, चावी बंद, पिवळीवर १२.४, लालवर शून्य. घड्याळ लावलं, चावी काढली, परत घातली, घड्याळ जागेवर. विसरभोळेपणा संपला.

मग मागं माणूस. आता मी हसत नव्हतो. सेट चालू करून गाणं लावलं आणि काकूंना म्हणलं जरा मागं बसता का. त्या साडीचा पदर सावरत बसल्या, आणि टक, आवाज बंद. डिस्प्ले चालू, आकडे पळतायत, आवाज नाही. उतरल्या, दोन सेकंदांनी गाणं परत सुरू. मी फोनवर योगायोग म्हणलो होतो ते आठवून कानकोंडा झालो.

याचं कारण असं की पूर्वीच्या टेपमध्ये स्पीकरची एक वायर बॉडीला गेली तरी चालायचं, कित्येक जण एकच वायर नेऊन दुसरी बॉडीला मारायचे. आताच्या सेटमधली अॅम्प्लिफायरची चिप स्पीकरला दोन्ही बाजूंनी ढकलते, त्यामुळं प्लस मायनस दोन्ही वायरींवर बॅटरीच्या निम्मे, सहा-एक व्होल्ट उभे असतात. मायनस म्हणजे बॉडी नव्हे. दोन्हीपैकी कुठलीही बॉडीला टेकली की चिप जळू नये म्हणून सेट स्वतःहून मुका होतो. आणि हा सेट चांगला म्हणून मुका व्हायचा, एखादा स्वस्तातला असता तर काकू पहिल्यांदा बसल्या तेव्हाच धूर निघाला असता.

स्पीकरच्या वायरी सेटपासून सोडल्या, मीटर बीपवर घातला, एक टोक वायरीला, एक बॉडीच्या नटाला. काकू, बसा. बीईईप. उठा. गप्प. बसा. बीईईप. तिसऱ्यांदा काकूंना हसू आवरेना, म्हणल्या मला एवढी किंमत आहे हे आज कळलं. मागचं सीट वर उचललं तर खाली बिजागरीच्या पट्टीखाली वायर दबलेली, प्लास्टिक कापलं जाऊन आतलं तांबं केसाएवढं चमकत होतं. रिकाम्या सीटला पट्टी जरा वर राहायची, माणूस बसला की तांब्यावर टेकायची. गुरुजी एकटे असताना कधी बंद पडायचं नाही. वायर काढली, सांधली, दोन पदरी पट्टी मारली आणि सीटच्या कडेनं कार्पेटखालून घेतली. काकूंना परत बसवलं. गाणं चालू राहिलं. त्या तशाच बसून राहिल्या, म्हणल्या अजून थोडं वाजू द्या.

जेवणं झाली, भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दही. तीन-साडेतीन वाजले असतील. मी पिशवी आवरायला लागलो तर गुरुजी म्हणले, "परभणी."

बसलो परत. एएम लावलं, नॉब फिरवला. गुरुजींनी सांगितलं तेराशे पाच, परभणी १३०५ वर लागतंय, घरातल्या जुन्या रेडिओवर काट्याखाली पेन्सिलची खूण करून ठेवली आहे. नॉब फिरवला, १२८०, १२९०, १३००, १३१०. परत मागं. १३१०, १३००. एक क्लिक अलीकडं, एक क्लिक पलीकडं. तेराशे पाच नाहीच. जिन्यावर पायऱ्या असतात आणि गुरुजींना पाहिजे ते घर दोन पायऱ्यांच्या मधोमध, पाय ठेवायला जागाच नाही.

आणि तिथं मला राजकोट आठवलं. विचारलं, गुरुजी राजकोट कितीवर लागतंय? "आठशे दहा." आठशे दहा. दहानं भाग जातो. लागणारच की!

भानगड अशी आहे की एएमवर, म्हणजे मीडियम वेव्हवर, दोन स्टेशनांत किती अंतर ठेवायचं हे जगात सगळीकडं सारखं नाही. उत्तर आणि दक्षिण अमेरिकेत दहा किलोहर्ट्झचं, आणि आपल्याकडं, युरोपात, आफ्रिकेत, बाकी आशियात नऊचं. आपल्या बाजूचं वाटप १९७५ साली जिनिव्हाला ठरलं आणि १९७८ पासून लागू झालं. हा सेट पनामाचा, त्याची जन्माची सवय दहाची. दहा-दहाच्या उड्या मारणाऱ्या सेटला १३०५ कधीच सापडणार नाही, १३०० वर नाही की १३१० वर नाही, नुसता शीळ मारल्यासारखा कुबट आवाज, बोलणारा माणूस आहे एवढं कळतं पण काय बोलतोय ते नाही. एफएमला मात्र काही अडत नाही, १०१.७ बरोबर त्याच्या पायरीवर येतं, म्हणून माझ्या टेबलावर सगळं छान. एएम मी लावूनच बघितलं नव्हतं. कोण ऐकतंय आजकाल म्हणून. गुरुजींनी घेताना एकच प्रश्न विचारला होता आणि तोच मी तपासला नव्हता.

सेट बंद केला आणि गोल नॉब दाबून धरला, आतला मेनू आला. घड्याळ, मग भाषा, मग कायतरी, मग एएम स्टेप, समोर १०. नॉब फिरवला, ९. बस. (सगळ्या सेटांत हे नसतं, ज्यात नसतं तो परदेशी सेट इकडं एएमपुरता निम्मा बहिराच समजायचा.) आणि यातली गंमत म्हणजे या सेटचा करंट पूर्ण तुटला की तो परत दहावर जातो, म्हणजे मी सकाळी येऊन आधी हेच केलं असतं तर चावी काढली की पुन्हा पनामा. पिवळी वायर आधी नीट झाली म्हणून नऊ टिकले.

आता नॉब फिरवला तर १२९६, १३०५. गुरुजी पुढं वाकले. खरखर. नुसती खरखर. मी घामाघूम. काकू मागून म्हणल्या, "अहो आता कुठलं, दुपारची सभा संपली असंल." खरंच की, आकाशवाणीच्या सभा असतात, सकाळची दुपारची संध्याकाळची, मधे केंद्र झोपतं. आमच्या पिढीला रेडिओ बंद असतो हेच माहीत नाही. म्हणजे संध्याकाळपर्यंत थांबा.

थांबलो. गाडीतच बसलो दोघं, दारं उघडी टाकून. गुरुजी कागदावर आकडे मांडत होते. मधेच म्हणले, "एक तीन शून्य पाच. बेरीज नऊ." मला कळलं नाही. "अरे बाळा," (इथून पुढं मी साहेबाचा बाळ झालो), "नवाची कसोटी. अंकांची बेरीज नवाच्या पटीत आली की संख्येला नवानं भाग जातो. आठशे दहा, आठ आन् एक नऊ. म्हणून राजकोट दहाच्या जिन्यावर पण सापडलं आन् नवाच्या पण सापडंल, नऊ गुणिले नव्वद आठशे दहा. तेराशे पाचला नवानं जातो, दहानं जात नाही. आता औरंगाबाद किती?" मी मोबाइलवर बघून सांगितलं, १५२१. "एक पाच दोन एक. नऊ." मुंबई ५५८. "अठरा. बरोबर. नागपूर?" ५८५. "अठरा." म्हणले तीस वर्षं पोरांना नवाची कसोटी शिकवली, सगळे विचारायचे सर हिचा उपयोग काय, मी म्हणायचो परीक्षेत येती.

मी विचारलं परभणीचा एवढा हट्ट का, मोबाइलवर सगळं मिळतं की. त्यांनी शेताच्या दिशेनं हात केला. तीन एकर कापूस, दोन वेचण्या झाल्यावर बोंडात अळी. गाडीनं शेतात जाता-येताना शेतीचा कार्यक्रम ऐकायचे, परभणीच्या कृषी विद्यापीठाचे लोक येऊन बोलतात त्यात, कापूस कधी उपटायचा, फरदड, म्हणजे वेचणी झाल्यावर तीच झाडं पुढच्या पिकासाठी, ठेवायची का नाही. "मोबाइलवर शंभर जण शंभर सांगतेत. हे एक सांगतेत आन् नावानिशी सांगतेत." मी काही बोललो नाही. फोनवर मी या माणसाला अँटेना खाली करून परत ओढायला सांगितलं होतं.

ऊन कललं, समोरच्या भिंतीवरचं चिंचेचं सावट लांब झालं. आणि खरखरीत एकदम आकाशवाणीची ती धून, सगळ्यांना माहीत असलेली, व्हायोलिनची, आणि मग बाईचा आवाज स्वच्छ, आकाशवाणीचं हे परभणी केंद्र आहे. काकू आतून पीठाचे हात घेऊन बाहेर आल्या. गुरुजींनी आवाज कमी-जास्त करून बघितला, एक नंबरच्या बटनावर स्टेशन ठेवून घेतलं, चावी काढली, दहा मोजले, हळूहळू, तोंडानं, परत चावी घातली. परभणी. मग काकूंना म्हणले, "मागं बसा." त्या तशाच पीठाच्या हातानं बसल्या. परभणी.

"आता झालं," म्हणले.

पैशाचं मी नाव काढलं नाही, त्यांनीही नाही, फक्त निघताना काकूंनी पिशवीत शेंगा भरल्या, दोन किलो तरी असतील, माझा मीटर शेंगांच्या खाली गेला. गाडीला गर्दी होती, दारात उभा राहून आलो. घरी पोचून बायकोला सगळं सांगत होतो, हिरव्या पट्टीपर्यंत आलो होतो तेवढ्यात फोन. साडेदहा वाजलेले.

"बाळा, राजकोट बघितलं. हाय अजून, जागेवर हाय." मागं खरंच गुजराती गाणं चाललेलं. मग जरा थांबून, "पुणे किती रे?"

म्हणलं सातशे ब्याण्णव.

"सात आन् नऊ सोळा, दोन अठरा. बरोबर. झोप आता."